शिवमला एक छोटीशी दिक्कत आहे

विकास नगरात आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात समोरच्या घरातले मिश्राजी हात जोडत आले आणि म्हणाले, "भाभीजी, सुना है आप पॉलिटिक्स पढ़ाती हैं?" मी हो म्हटलं. मिश्राजींनी मागे वळून रस्त्याकडेच्या तुंबलेल्या नालीकडे बोट दाखवलं. "तो ज़रा ये साफ करवा दीजिए."

मी समजावलं, की मी राजकारण करत नाही, विद्यापीठात शिकवते. राज्य कोणी करावं, कसं करावं आणि लोकांनी ते का म्हणून ऐकून घ्यावं, यावर ग्रीक काय म्हणाले, चिनी काय म्हणाले, अरब, आफ्रिकी आणि आपली माणसं काय म्हणाली, ते पोरांना सांगते. मिश्राजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "और नाली के बारे में कोई कुछ नहीं बोला?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्या क्षणी तरी मला कोणी आठवलं नाही. माझ्या विद्वत्तेविषयी आमच्या गल्लीचं मत तिथेच ठरलं आणि मी निवृत्त झाले तरी ते बदललेलं नाही. नालीही बदललेली नाही.

मी मूळची भंडाऱ्याची. माझे यजमान दिलीप टेलिफोन खात्यात होते. त्यांच्या बदलीमागून मी लखनौला आले, इथे नोकरीला लागले, आणि पुढे त्यांची बदली इतर कुठे होऊ नये म्हणून दोघांनी मिळून जेवढी खटपट केली, तेवढ्यात एखादं छोटं राज्य चालवता आलं असतं. मुलगी मैत्रेयी इथेच वाढली. तिला मराठी सगळी कळते; रागावलेली तर फारच चांगली कळते. उत्तर मात्र हिंदीत देते. मी काय शिकवते हे तिला सांगून सांगून मी थकले. ती म्हणायची, "मम्मी, आप लोग क्लास में पढ़ते कब हो? जब देखो प्रस्ताव पास करते रहते हो."

तिचं अगदीच चूक नव्हतं. माझ्या पेपरचं नाव होतं 'राजकारण आणि जगातल्या तत्त्वपरंपरा'. त्याला येणारी मुलं तीन जातीची असत. पहिली, ज्यांना कलेक्टर व्हायचं आहे. दुसरी, ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही. तिसरी, ज्यांना वसतिगृहात खोली हवी आहे आणि खोलीसाठी कुठल्यातरी पेपरात नाव लागतं. ही तिसरी मुलं मला सगळ्यांत आवडायची, कारण त्यांच्या काही अपेक्षाच नसायच्या.

अशा पोरांना फळ्यावर लिहून तत्त्वज्ञान शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पहिली काही वर्षं मी ते ओतलं. मग एक दिवस वैतागून मी नियम केला, की जी परंपरा शिकायची, तिच्याच रीतीनं तेवढे दिवस वर्गाचा कारभार करायचा. हजेरी कोणी घ्यावी, चाचणी कधी, खिडकी उघडायची की बंद, सगळं त्या त्या रीतीनं ठरणार. माझा हुकूम चालणार नाही. हे ऐकून पोरं पहिल्यांदा ताठ बसली.

ग्रीकांपासून सुरुवात होई. प्राचीन अथेन्समध्ये बरीचशी पदं चिठ्ठ्या टाकून वाटत. निवडणुकीत श्रीमंत आणि गोडबोले निवडून येतात, चिठ्ठी मात्र कोणाचीही निघू शकते, असा त्यामागचा विचार. मीही चिठ्ठ्या टाकून वर्गाचा मॉनिटर ठरवायची. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी चिठ्ठी निघाली शिवमची.

शिवम राहायचा सरोजिनी नगरात, म्हणजे विमानतळाच्या बाजूला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कानपूर रोडच्या गर्दीतून तो यायचा आणि रोज उशिरा यायचा. किडकिडीत पोरगा, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. बोलायला अत्यंत नम्र. पण कुठल्याही गोष्टीला होकार देण्याआधी तो एक बोट वर करायचा आणि म्हणायचा, "मैडम, एक छोटी-सी दिक्कत है."

दिक्कत कधीच छोटी नसायची.

हजेरी आता तो घेणार होता आणि तोच उशिरा येत होता. त्यामुळे तो आल्याशिवाय हजेरी होईना आणि तोवर येणारा प्रत्येक जण वेळेवर आलेला ठरू लागला. महिनाभर माझा वर्ग शंभर टक्के वक्तशीर होता. विभागप्रमुख त्रिपाठी सरांनी ते रजिस्टर इतर प्राध्यापकांना आदर्श म्हणून दाखवलं.

त्रिपाठी सर म्हणजे अत्यंत सज्जन माणूस. चिनी परंपरा सुरू झाली तेव्हा ते सहज वर्गात डोकावले. मी सांगत होते, की एका चिनी मताप्रमाणे उत्तम राजा तो, जो काहीच करत नाही. तो आहे हे लोकांना जेमतेम ठाऊक असतं, आणि राज्य आपोआप नीट चालतं. सर दारातच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "देखिए मैडम," ते म्हणाले, "हम तो बरसों से यही कर रहे हैं. आज पता चला कि इसका नाम भी है."

आफ्रिकेच्या धड्याला आम्ही वर्ग बाहेर कडुनिंबाखाली नेला. तिकडे काही समाजांत ज्येष्ठ मंडळी झाडाखाली बसत आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहत. बहुमतानं अल्पमताला गप्प करणं त्यांना मंजूर नव्हतं. आम्हाला ठरवायचं होतं फक्त एवढंच, की सहामाही निबंध किती पानांचा असावा. शिवमला दिक्कत होती, की कोणाचं अक्षर मोठं असतं, कोणाचं बारीक. फाटकाचा चौकीदार कुलूप हलवत येऊन उभा राहिला तेव्हा आमचं एकमत झालं. ते एवढंच होतं, की आता घरी जावं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढे येणारा बौद्ध संघाचा धडा. तो माझा लाडका. जुन्या काळी भिक्खू संघात निर्णय घ्यायची एक रीत होती. ठराव मांडायचा आणि तो तीनदा जाहीर करायचा. दर वेळी म्हणायचं, ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहावं, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावं. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही, तर ठराव मंजूर. आमच्या भंडाऱ्याच्या विहारात माझे वडील कमिटीच्या प्रत्येक बैठकीत हा नियम मोठ्या भक्तीनं समजावून सांगत आणि मग ठराव मांडत. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत चार जण बोलायला उठत. आमच्याकडे नकार द्यायचा म्हणजे पत्रे हादरले पाहिजेत. माझ्या आठवणीत त्या रीतीनं तिथे एकही ठराव मंजूर झाला नाही. विहाराला रंग कोणता द्यायचा यावर माझं अख्खं बालपण गेलं.

म्हणून त्या वर्षी लखनौत पहिल्यांदाच मी हा प्रयोग केला तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी ठराव मांडला, की चाचणी परीक्षा सोमवारी घ्यावी. पहिल्यांदा जाहीर केला. शांतता. दुसऱ्यांदा. शांतता. तिसऱ्यांदा. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. बाबा आज हवे होते, असं मला वाटलं.

सोमवारी परीक्षेला कोणीही आलं नाही.

मंगळवारी मी तणतणत वर्गात गेले. अलीगंजची आकांक्षा पहिल्या बाकावर बसायची. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, जिला कलेक्टर व्हायचं होतं आणि जिच्याकडे बघून ती आधीच झाली आहे असं वाटायचं. ती उठून अदबीनं म्हणाली, "मैडम, हम लोग तो मना कर रहे थे."

"कधी?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"चुप रहकर."

तेव्हा मला इतक्या वर्षांनी हे शहर कळलं. लखनौत तोंडावर नाही म्हणत नाहीत. ते असभ्य समजतात. नाही म्हणायचं असेल तर माणूस आधी म्हणतो 'देखते हैं', मग म्हणतो 'चाय लीजिए', आणि त्यावरही समोरचा हटला नाही तर नजर खाली घालून गप्प बसतो. गप्प बसणं हा इथला शेवटचा आणि ठाम नकार. आणि मी त्यांना नियम शिकवत होते, की मौन म्हणजे मंजूर. मागच्या बाकावरून तेवढ्यात शिवमचं बोट वर आलं. "मैडम, हम उस दिन ट्रैफिक में थे. हम होते तो बोल देते."

तो बोललाच असता. त्या दिवसापासून वर्गात शिवमची पत वाढली. आधी मुलं त्याला बघून डोक्याला हात लावायची. आता ठराव मांडला, की सगळी नजर खाली घालायची आणि कोपरानं त्याला ढोसायची. एकट्या शिवमच्या तोंडानं अख्खा वर्ग नाही म्हणू लागला.

आणि अशात समिती आली.

विद्यापीठानं ठरवलं होतं, की ज्या पेपरांना विद्यार्थी थोडे आणि नोकऱ्या त्याहून थोड्या, ते बंद करायचे. त्यासाठी बाहेरच्या जाणकारांची समिती नेमली. यादीत माझा पेपर होता. तो बंद झाला असता तर माझा पगार काही थांबणार नव्हता. स्थानिक स्वराज्य संस्थांचा पेपर मला दिला असता आणि मी तोही शिकवला असता, नालीसकट. पण हा पेपर मी स्वतःच्या हातानं उभा केला होता. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती आणि मागे ठेवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मला रात्री झोप लागेना. दिलीपना म्हटलं, तर ते म्हणाले, "समिती येते, खाते, जाते. आमच्या खात्यात मी हेच पाहिलं." त्यांचं खातं पुढे जवळजवळ बंदच पडलं, हे मी बोलून दाखवलं नाही.

त्रिपाठी सरांनी मला बोलावलं. "देखिए मैडम, बच्चे सब अच्छे हैं. बस वो एक..."

"शिवम?"

"उसको उस दिन कोई काम दे दीजिए. ज़रा दूर का."

मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले. सरांनी तो होकार मानला. लखनौत राहून हा एकच माणूस माझा नियम शिकला होता.

सरांनीच मग काम शोधून काढलं. समितीचे अध्यक्ष विमानानं येणार होते आणि शिवमचं घर विमानतळाजवळ. तेव्हा शिवमनं अध्यक्षांना गाडीतून आणायचं, अतिथीगृहावर सोडायचं, आणि तिथून हार-फुलं आणायला अमीनाबादेत जायचं. अमीनाबादेच्या गर्दीत गेलेला माणूस दुपारच्या आत परत येत नाही, हा सरांचा हिशेब. हिशेब चोख होता. फक्त अध्यक्ष अतिथीगृहावर गेलेच नाहीत.

ते थेट वर्गात आले आणि त्यांच्या शेजारी शिवम. उंच, म्हातारे, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर मिस्कील थकवा. आल्या आल्या मला म्हणाले, "मैडम, ये बच्चा पूरे कानपुर रोड मुझे समझाता आया कि ये समिति बननी ही नहीं चाहिए थी. दो बार तो मैं भी मान गया." त्यांनी शिवमला आपल्याजवळच बसवून घेतलं. त्रिपाठी सरांनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

समितीत दुसऱ्या होत्या सक्सेना मॅडम. करड्या काठाची साडी, हातात पेन, आणि ते पेन आमच्यावर रोखलेलं. तिसरे एक गृहस्थ होते, त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते खात होते. भरल्या पोटी कोणी काही बंद करत नाही, अशा श्रद्धेनं त्रिपाठी सरांनी वर्गातच गरम समोसे मागवले होते. ते पाहुण्यांच्या हातात पडले आणि मी वर्ग सुरू केला.

"आज का प्रस्ताव मैं पढ़ूँ, मैडम?" आकांक्षा उठली. मी मान हलवली. धडा संघाचाच चालू होता. प्रात्यक्षिक बघून पाहुणे खूश होतील असं मला वाटलं.

तिनं खणखणीत आवाजात वाचलं. "प्रस्ताव है कि यह पाठ्यक्रम इस विश्वविद्यालय में चलता रहे. यहाँ उपस्थित जिस किसी को स्वीकार हो, वह मौन रहे. जिसे स्वीकार न हो, वह बोले."

'यहाँ उपस्थित जिस किसी को' म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीनं समितीलाच सभासद करून टाकलं होतं. पाहुणे कौतुकानं बघत होते, की बघा, मुलं काय छान नाटक बसवतात. ते काही बोलणार नव्हते. तीनदा गप्प बसले, की आमच्या नियमानं पेपर बचावला. याला कायद्यात काडीची किंमत नव्हती, हे मला कळत होतं. पण तीन प्रतिष्ठित माणसांसमोर तीनदा विचारलं आणि एकानंही विरोध केला नाही, हे नंतर कुठेही सांगता आलं असतं. कलेक्टर व्हायच्याच लायकीची मुलगी. मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही, कारण मला मनापासून आनंद होत होता.

पहिल्यांदा शांतता. दुसऱ्यांदा शांतता. तिसऱ्यांदा आकांक्षानं वाचलं.

शिवमचं बोट वर आलं.

"मैडम, एक छोटी-सी दिक्कत है."

आकांक्षानं त्याच्याकडे जे बघितलं, त्यात माणूस जागच्या जागी करपला असता. शिवम उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "सर लोगों को पता ही नहीं है कि ये उन पर भी लागू है. ये समझ रहे हैं कि नाटक चल रहा है. और अध्यक्ष सर तो इसलिए चुप हैं कि मुँह में समोसा है."

अध्यक्षांच्या तोंडात खरंच समोसा होता. त्यांनी तो सावकाश गिळला, मफलरच्या टोकानं ओठ पुसले आणि मला नियम विचारला. मी सांगितला. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"तो मैं चुप रह जाता, तो आपका कोर्स बच जाता?"

"आमच्या... हमारे हिसाब से, जी."

ते शिवमकडे वळले. "और तुमने बोल दिया. कोर्स बंद करवाना है?"

"नहीं सर," शिवम म्हणाला. "चलवाना है. पर ऐसे नहीं."

मला त्या पोराचा गळा आवळावासा वाटला आणि त्याच क्षणी माझे डोळे भरून आले. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. हेच तर मी वर्षभर घसा फोडून शिकवत होते, आणि ते ज्याला कळलं तो नेमका हा निघाला, आणि नेमका आज.

अध्यक्षांनी समोशाची बशी बाजूला ठेवली. "ठीक है. अब सबको मालूम है. लागू है तो लागू है. फिर से पढ़िए."

आकांक्षानं पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी सगळे गप्प. दुसऱ्या वेळी सक्सेना मॅडमचं पेन टेबलावर टकटकलं. "मुझे आपत्ति है. ये सब बहुत रोचक है, पर इससे नौकरी क्या मिलेगी?"

सगळ्यांनी शिवमकडे पाहिलं. शेवटी शिवमच म्हणाला, "नौकरी तो मैडम, हमको वैसे भी नहीं मिल रही." वर्गात खसखस पिकली. सक्सेना मॅडम हसल्या नाहीत. त्यांची हरकत कायम राहिली, आणि नियमानं ठराव पडला.

अध्यक्षांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, "तो अब उलटा प्रस्ताव पढ़िए. कि यह पाठ्यक्रम बंद किया जाए."

आकांक्षाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "प्रस्ताव है कि यह पाठ्यक्रम बंद किया जाए. जिसे स्वीकार हो, वह मौन रहे..."

पुढचं तिला वाचताच आलं नाही. माझा तो नजर खाली घालणारा, चहा पुढे करून नकार देणारा, गप्प बसून परीक्षा बुडवणारा वर्ग एकदम ओरडला. "दिक्कत है!" मागच्या बाकावरची, फक्त खोलीसाठी नाव घातलेली पोरंसुद्धा उठून उभी राहिली. "हमको दिक्कत है सर! हमको भी है!" बाकं हलली. कडुनिंबावरचे कावळे उडाले. दारातून शेजारच्या वर्गातली मुलं डोकावून विचारू लागली, की मारामारी झाली का. मला भंडाऱ्याच्या विहारात बसल्यासारखं वाटलं. खाणारे तिसरे गृहस्थ त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, "भाई, दिक्कत तो मुझे भी है." कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

अशा रीतीनं पेपर चालू ठेवायचा ठरावही पडला आणि बंद करायचाही पडला. अध्यक्ष बराच वेळ हसत होते. मग शिवम त्यांना परत विमानतळावर सोडायला गेला आणि वाटेत पुन्हा काय काय बोलला असेल, देव जाणे.

समितीचा अहवाल आला. इतर पेपरांपुढे 'चालू' किंवा 'बंद' असं होतं. आमच्यापुढे होतं, की सदस्यांत एकमत न झाल्यामुळे विषय विचाराधीन आहे. मी कपाळाला हात लावला. त्रिपाठी सर मात्र खुर्चीतून उठून आले. त्यांना उठलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. "मैडम, मिठाई मँगवाइए! जो चालू है, वो कल बंद हो सकता है. जो विचाराधीन है, उसे कौन हाथ लगाएगा?"

सरांचं ज्ञान माझ्या सगळ्या परंपरांच्या पुढचं निघालं. पेपर अजूनही विचाराधीन आहे आणि अजूनही शिकवला जातो.

मी निवृत्त झाले गेल्या उन्हाळ्यात. विभागात निरोप समारंभ झाला. शाल, भिंतीवरचं घड्याळ, समोसे. आकांक्षानं बाहेरगावाहून शुभेच्छा पाठवल्या होत्या. ती कलेक्टर झाली नाही, शिक्षिका झाली आहे आणि तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांची मला काळजी वाटते. शिवम आमच्याच विभागात संशोधन करतो. तो अर्थातच अजून पोचला नव्हता.

भाषणं संपल्यावर त्रिपाठी सरांना गंमत सुचली. ते उभे राहिले आणि म्हणाले, "प्रस्ताव है कि आदरणीय वंदना मैडम को ससम्मान सेवानिवृत्त किया जाए. जिन्हें स्वीकार हो, वे मौन रहें. जिन्हें न हो, वे बोलें."

सगळे हसले आणि मग गप्प झाले. सरांनी दुसऱ्यांदा वाचलं. पुन्हा शांतता. मीही हसत होते, पण आतून मला वाईट वाटू लागलं, ते मी कबूल करते. खोली माणसांनी भरलेली. आयुष्य घातलं मी इथे, आणि एकालाही दिक्कत नाही? खोटी खोटीसुद्धा नाही? मी मनाची समजूत घातली, की हे लखनौ आहे, इथे गप्प बसणं म्हणजे नकार. पण निम्म्यांच्या तोंडात समोसा होता, त्यामुळे नक्की सांगता येईना.

सरांनी तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. "जिन्हें स्वीकार हो, वे मौन रहें. जिन्हें न हो..."

दार उघडलं. काखेत हेल्मेट, पाठीवर तीच बॅग, घामानं निथळत शिवम. त्यानं शेवटचे दोन शब्दच ऐकले असतील. बोट मात्र सवयीनं वर गेलं.

"सर, एक छोटी-सी दिक्कत है."

खोलीभर हशा पिकला. सर म्हणाले, "अब क्या है भई?"

शिवमनं हेल्मेट खाली ठेवलं. तो हसत नव्हता. "प्रस्ताव में ये तो है ही नहीं कि मैडम अब बैठेंगी कहाँ."

मग कोणी हसलं नाही. मी दोन पानांचं भाषण तयार करून आणलं होतं, ते मला काढताच आलं नाही. त्रिपाठी सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीकडे, आणि हळूच म्हणाले, "प्रस्ताव गिर गया."

तो पुन्हा कोणी मांडलेला नाही. दर मंगळवारी मी डबाभर पोहे घेऊन विभागात जाते, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते आणि शिवम यायची वाट बघते. परवा फाटकातून निघताना समोरच्या मिश्राजींनी हटकलं, "भाभीजी, आप तो रिटायर हो गई थीं न?"

मी म्हटलं, "विचाराधीन है."